डी ड्राइव्हमधला तांडा

सोमवार, १२ जून २००६. काम एकच होतं. क्लासमधल्या चारही कॉम्प्युटरमधून विंडोज काढायची आणि लिनक्स घालायचं. लाईट सहाला येणार आणि साडेअकराला जाणार, म्हणजे हातात साडेपाच तास. मी पावणेसहालाच घराच्या पुढच्या खोलीचं शटर वर केलं, झाडून घेतलं, की-बोर्डवरची प्लॅस्टिकची कव्हरं काढून धुवायला टाकली आणि स्टुलावर बसून पंखा फिरायची वाट बघू लागले.

पुढे कॉलेजातली मुलं मला विचारायची, "मॅडम, दिग्रसमध्ये लिनक्स सगळ्यात आधी तुमच्याकडे आलं म्हणतात. तुम्ही कशा काय वळलात?" त्यांना स्वातंत्र्याबद्दल ऐकायचं असायचं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही फुकट वापरता येणारी, उघडून बघता येणारी अशी ही चीज आहे, म्हणून मी वळले, असं काहीतरी. ते सगळं खरं आहे आणि मला ते नंतर पटलंसुद्धा. पण मी वळले ती पोलिसांच्या भीतीनं. आणि वळल्यावर दोन दिवस जी भीती वाटली, तिच्यापुढे पोलिसांची भीती काहीच नव्हती.

कापसाची, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं भीतीचीच होती. माझा टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास, त्यात निम्म्या खुर्च्या रिकाम्या. सकाळच्या बॅचची एखादी मुलगी दोन दिवस आली नाही की तिच्या गावच्या दुसऱ्या मुलीला कारण विचारायला जीभ रेटायची नाही. फोन वाजला की उचलायच्या आधी घड्याळाकडे बघायची सवय सगळ्या घरांना लागली होती. अवेळी फोन आला तर माझे यजमान हातातला घास ताटात ठेवायचे. आम्ही नोकरीपेशातली माणसं, आमच्या घरात शेती नाही, तरी ही गत.

त्या वर्षी मदत, बियाणं, धान्य, जे काही सरकारकडून यायचं ते यादीवर यायचं. यादीत नाव नसेल तर माणूस समोर उभा असूनही तो नाही. आमच्यापासून बसनं पाऊण तासावर बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथल्या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूखभर फिरायचे. आता ही माणसं शेती करतात. या तांड्याची घरं तीनशे, त्यातली अर्धी कागदावर एका गावात होती आणि अर्धी दुसऱ्यात. मदत आली की पहिलं गाव म्हणे, ते तिकडचे. दुसरं म्हणे, ते तिकडचे. शेवटी तहसिलातून तारीख मिळाली. शुक्रवारपर्यंत सगळ्या तांड्याची एक टाइप केलेली यादी द्या. घरातली माणसं, वयं, रेशन कार्डाचा नंबर, कुठल्या गावाच्या दप्तरात नाव आहे, सगळं. शुक्रवारनंतर फाईल पुढे जाईल, यादी असो वा नसो.

ही यादी माझ्याकडे होती. तांड्याचे नायक, म्हणजे तिथले पिढीजात मुख्य, साठीचे गृहस्थ, पांढरं धोतर आणि डोक्याला रुमाल. त्यांची सून दहावी पास. तिनं दोन महिने दारोदार फिरून एका लांब वहीत घरन् घर लिहून काढलं होतं. रोज एसटीनं ती वही घेऊन यायची, मी टाइप करेपर्यंत शेजारी बसायची आणि वही घेऊन परत जायची. वही माझ्याकडे ठेवायला ती तयार नव्हती. मला राग यायचा, पण तिचं बरोबर होतं. टाइप संपलं त्या दिवशी नायकांनी पुरावा म्हणून ती वही तहसिलात दिली. पोच कुणी दिली नाही, यांनी मागितली नाही.

म्हणजे आता तांडा होता तो फक्त माझ्या कॉम्प्युटरमध्ये. मंगळवारी सून येऊन स्क्रीनवर एकदा वाचणार, चुका सांगणार आणि मग छापायचं असं ठरलं होतं. दोनदा छापून कागद आणि रिबन कशाला वाया घालवायची? हा माझा हिशेब.

त्याआधीच्या शनिवारी इंजिनिअर आला. त्याला सगळे इंजिनिअर म्हणायचे. खरं तर तो पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा. माझ्याच वयाचा, कानावर पेन, खांद्याला रेक्झिनची पिशवी, पिशवीत सीड्या. माझ्या चारही मशीनवरची विंडोज त्यानंच टाकली होती. गावातल्या सगळ्यांच्याच मशीनवर. सीडीवर स्केचपेननं लिहिलेला एकच नंबर, तोच सगळीकडे चालायचा. ती विकत घ्यायची वस्तू असते हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. विचार केला नव्हता, एवढंच.

त्या दिवशी तो आत आला आणि शटर अर्धं खाली ओढलं.

"मॅडम, नागपुरात धाड पडली म्हनते. विंडोजचं बिल दाखवा म्हने. नाही त् मशिनी उचलून नेल्या टेम्पोत टाकून."

"मग?"

"मंग काय. आता यवतमाळ. मंग दिग्रस."

"तुम्हीच टाकलीत ना ही?"

"म्हनूनच तं आलो सांगाले. माझं नाव नका घेजा बापा. मले तीन पोरी आहेत."

मला पोरी नव्हत्या, पण मशीन होती आणि मशीनमध्ये तांडा होता. मशीन टेम्पोत गेली तर यादीही गेली. माझ्या डोळ्यांसमोर पोलिसांपेक्षा तो टेम्पोच यायला लागला. शटरसमोर थांबलेला, समोरच्या किराणावाल्याच्या बायकोनं बघितलेला.

"लिनक्स नावाचं काहीतरी फुकट असतं म्हणे?" मी विचारलं. यवतमाळला कॉलेजात शिकवणारी माझी एक शाळेतली मैत्रीण वर्षभर माझ्यामागे लागली होती.

इंजिनिअर हसला. "फुकटचं कोनी देते का, मॅडम? बाहेर देशातून सीडी पाठवते अन् पोस्टाचा खर्चही तेच करते? यात काहीतरी गोम असन."

जाताना मात्र म्हणाला, "टाका. काहीही टाका. फक्त ही काढा."

याच माणसानं आम्हाला कॉम्प्युटरचा पहिला नियम शिकवला होता. सी ही पुढची खोली, डी ही आतली. पुढच्या खोलीत कुणीही येतं, व्हायरस येतो, ती वरचेवर धुवावी लागते. आपली चीजवस्तू आतल्या खोलीत ठेवायची. मशीन बिघडली की तो यायचा, सी फॉरमॅट करायचा, विंडोज परत टाकायचा आणि डी जशीच्या तशी असायची. सहा वर्षांत एकदाही दगा झाला नाही. मी क्लासच्या मुलींना पहिल्या दिवशी नाव लिहायच्या आधी हे सांगायची: सगळं डीमध्ये. तांड्याची यादी एक नंबरच्या मशीनच्या डीमध्ये होती आणि सावधगिरी म्हणून तीन नंबरच्या डीमध्येही होती. मी व्यवस्थित बाई आहे, असा माझा समज होता.

रविवारी मी यवतमाळला जाऊन मैत्रिणीकडून दोन सीड्या आणल्या. परदेशातून पोस्टानं आलेल्या, कागदी पाकिटातल्या. वाटा, कॉपी करा, असं पाकिटावरच लिहिलेलं. आम्ही जे चोरून करत होतो तेच करायची परवानगी. मैत्रीण बरंच काही समजावत होती, पण माझी परतीची बस होती. मी म्हटलं, "मला फक्त कुठली बटणं दाबायची ते लिहून दे." तिनं वहीचं पान फाडून लिहून दिलं. शेवटी लिहिलं होतं, "तुझं सामान आधी दुसरीकडे काढून ठेव." मी बसमध्ये ते वाचलं आणि मनात म्हटलं, काढलेलंच आहे, डीमध्ये.

तर सोमवारी सहाला पंखा फिरला. मी एक आणि दोन नंबरच्या मशीनमध्ये सीड्या घातल्या. निळा पडदा, मध्ये करडी चौकट, सगळं इंग्रजीत. भाषा, देश, की-बोर्ड विचारून झालं. मग डिस्कचं काय करायचं ते विचारलं. सगळी डिस्क पुसून टाका हा पर्याय सगळ्यात वर होता. हाताने विभाग पाडा असाही एक होता, पण त्यात आकडे आणि अक्षरं अशी होती की कुठे सी नाही, कुठे डी नाही. मला वाटलं, पुसायची म्हणजे सी. इंजिनिअर पुसायचा तशी. वरचा पर्याय दाबला. खात्री आहे का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. दोन्हीकडे.

ते चालू असताना मी खिडकीची जाळी पुसली. दोन्ही मशीन झाल्यावर सीड्या काढून तीन आणि चारमध्ये घातल्या आणि तीच बटणं तशीच दाबली. दुसऱ्यांदा तर वाचलंसुद्धा नाही. हात बसला होता. नऊ वाजायच्या आत चारही मशीनवर तपकिरी रंगाचा स्वच्छ पडदा आला. एका कोपऱ्यात घड्याळ. मला बरं वाटलं. चारही कव्हरं वाळली होती, ती घातली. चहा घेतला. आता येऊ दे टेम्पो.

मग एक नंबरवर बसून डी शोधायला लागले.

'माय कॉम्प्युटर' नव्हता. एक 'होम' होतं, त्यात काही नव्हतं. त्याच्या बाहेर आलं की वीसेक फोल्डर, तीन-तीन अक्षरी नावांचे. एकेक उघडला. काहींत शेकडो फायली, एकही माझी नाही. डिस्क किती मोकळी आहे ते एका कोपऱ्यात दिसलं. जवळजवळ सगळी. मी तीन नंबरवर गेले. तिथेही तेच. परत एकवर आले. चारवर गेले, जिथे काही असायचा प्रश्नच नव्हता. पंखा चालू होता आणि माझी बोटं गार पडली होती. जून महिन्यात, यवतमाळ जिल्ह्यात.

मैत्रिणीला फोन लावला. ती कॉलेजला निघत होती.

"डी कुठे असते यात?"

"म्हणजे?"

"डी ड्राइव्ह. माझं सामान आहे तिच्यात."

"अगं, तू डिस्कच्या वेळी काय दाबलंस?"

मी सांगितलं.

"सगळी म्हणजे सगळी, बाई. डी म्हणजे वेगळी पेटी नसते. एकाच डिस्कवर आखलेली रेघ असते ती. तू रेघसुद्धा पुसलीस. मी लिहून दिलं होतं ना, सामान दुसरीकडे काढ म्हणून?"

"दुसरीकडेच होतं. तीन नंबरच्या डीमध्ये."

"आणि तीन नंबरला?"

मी तीन नंबरच्या तपकिरी पडद्याकडे बघितलं.

"फ्लॉपीवर?"

"दिग्रसच्या उन्हाळ्यात फ्लॉपी टिकते का? एप्रिलमध्येच उघडेना झाली."

तिनं सांगितलं, एक आणि तीनला आता हात लावू नकोस, बंद कर. नागपूरला एक जण असं गेलेलं काढून देतो. पंधरा दिवस लागतील आणि मिळेलच असं नाही. पंधरा दिवस. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर शुक्रवार बघितला, जसा काही तो सरकला असता.

साडेदहाला फोन वाजला. मी घड्याळाकडे बघितलं आणि उचलला. नायक होते, तांड्याकडच्या बसस्टँडजवळच्या एसटीडीवरून.

"मॅडम, राम राम. उद्या येतो आमी. सगळं बराबर आहे ना?"

माझ्या तोंडातून निघालं, "लाईट नाही, नायकजी."

"हौ. तिकडंही नाही का? इकडं तं सकाळपासूनच नाही. मंग उद्या येतो."

आमच्या भागात त्या काळी हे एक वाक्य असं होतं की त्यावर कुणी प्रश्न विचारत नसे. बँक ते म्हणे, पिठाची गिरणी ते म्हणे. काम झालं नाही, लाईट नव्हती. समोरचा मान डोलावून परत जायचा. मी आयुष्यात खोटं बोलले नाही असं नाही, पण इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. फोन ठेवला आणि शटर अर्धं खाली ओढलं.

दुपारी तहसिलात गेले. वही परत मिळाली तर रात्रीचा दिवस करून टाइप करता येईल, असा विचार. टेबलावरच्या बाबूनं मान वर न करता सांगितलं, "ती वही वर गेली."

"वर म्हणजे?"

"यवतमाळला."

"कुणाकडे?"

"वर," तो म्हणाला.

संध्याकाळी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "उद्या खरं सांगून टाक." ते सोपं होतं त्यांना. मी भाजी चिरत होते आणि मला तांड्यातल्या एकेका घराच्या ओळी आठवत होत्या. टाइप करणाऱ्याला मजकूर आठवत नाही, बोटांना आठवतो. बत्तीस वर्षांची बाई, चार माणसं, नवऱ्याच्या नावापुढे कै. लिहायचं की नाही ते सुनेनं विचारलं होतं. मी म्हटलं होतं, लिहा. त्या बाईचं नाव मला आठवेना. काही केल्या आठवेना. त्या वर्षी आमच्याकडे असं नाव यादीतून सुटणं म्हणजे काय, ते मला कुणी समजावायची गरज नव्हती.

मंगळवारी अकराला नायक आणि त्यांची सून आले. मी शटर अर्धंच ठेवलं होतं. दोघं वाकून आत आले, सून डोक्यावरचा पदर सावरत. मी उठून उभी राहिले आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "काय करणार, लाईटच नाही."

नायकांनी वर बघितलं. पंखा चारच्या स्पीडवर गरगरत होता. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं.

"हौ का," ते म्हणाले. "मंग हा पंखा हवेनंच फिरून राह्यला का, मॅडम?"

ते हसून म्हणाले होते. मला थट्टेत सुटायची जागा करून देत होते. मी खाली बसले.

सगळं सांगितलं. डी, सी, धाड, सीड्या, पुसलेली रेघ. त्यांना त्यातलं किती कळलं माहीत नाही, मलाच पुरतं कळलं नव्हतं. शेवटी एवढंच म्हटलं, "यादी गेली. माझ्या हातानं गेली. काल सकाळीच कळलं होतं. फोनवर मी खोटं बोलले."

नायकांनी डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं. सून सासऱ्यांपुढे मोठ्यानं बोलणारी नव्हती. आधी ती त्यांच्याशी गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, दोन वाक्यं बोलली, मला कळली नाहीत. मग सरळ माझ्याकडे वळली.

"दोन महिने फिरली मी. पायाले भेगा पडल्या. एकेका घरी तीन-तीन चकरा, मानसं वावरात, कार्ड पेटीत. तुमाले वही ठेवू नाही दिली तं तुमी तोंड वाकडं केलतं. माहीत आहे मले. अन् तुमची पेटी?"

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं.

"पोलिसाचं भेव वाटलं तुमाले. आमचं काहून नाही वाटलं?"

मला त्यांची भीती वाटली ती सोमवारी साडेनऊनंतर. त्याआधी मी खिडकीची जाळी पुसत होते.

नायक म्हणाले, "तुमी काल सांगतलं असतं तं काल दुपारपासून लागलो असतो आपन. एक दिवस गेला. थे जाऊ द्या. आता बोला, शुक्रवारपर्यंत होते का?"

भीती वाटत असताना मला हिशेब मात्र करता येतो. मी कागद घेतला. बुधवार, गुरुवार, रोज साडेपाच तास सकाळी, तीन तास दुपारी. वही नाही, पण कार्डं आहेत. मी म्हटलं, "सगळ्यांची रेशन कार्डं गोळा करून उद्या पहाटे आणून द्या. मी बसते."

सून हसली. त्या दिवसातलं तिचं ते एकच हसणं, आणि ते काही प्रेमाचं नव्हतं.

"कार्ड कोनी देते का दुसऱ्याच्या हाती? या वर्षी? मले वाचू द्यायचे तं हात धरून वाचू द्यायचे."

"मग माणसं आणा. ज्याचं कार्ड त्याच्या हातात. मी नुसतं बघून लिहीन."

"सगळा तांडा?" नायक म्हणाले.

"घरातलं एक माणूस. ज्याला वेळ असेल ते. म्हातारं-कोतारं चालेल."

ते उठले. निघताना सून दारात थांबली. "अन् हे नवीन जे टाकलं तुमी, त्यात मराठी येते?"

मी म्हटलं, "येते."

हे मला माहीत नव्हतं. पंख्यानंतरही मी खोटं बोलले, हे इथे लिहून ठेवते.

ती दोघं गेल्यावर पुन्हा मैत्रिणीला फोन. सुदैवानं त्यात मराठी येत होती. तिनं पायऱ्या सांगितल्या, मी चार नंबरवर करत गेले. पण मराठीचा की-बोर्ड निराळा होता. मी वीस वर्षं टाइपरायटरचा मराठी की-बोर्ड शिकवलेली बाई. डोळे बांधले तरी चालेल असा हात. इथे स्वर सगळे डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, काना वेगळ्याच बोटाला. 'क' दाबायला गेले तर भलतंच उमटायचं. दुपारी तीन ते सहा मी माझ्याच क्लासमधल्या पहिल्या दिवसाच्या मुलीसारखी बसले. एका घराला सात मिनिटं. मग पाच. मग पुन्हा सहा. अक्षरांचा तक्ता खडूनं फळ्यावर काढला, वर बघायचं आणि खाली दाबायचं. सहाला लाईट गेली तेव्हा एका घराला तीन मिनिटं लागत होती. मी गुणाकार केला. जेमतेम बसत होतं. कुणी खोकला तरी चुकेल एवढं जेमतेम.

प्रिंटर चालतो का हे बघायचं राहिलं होतं. लाईट जायला दोन मिनिटं असताना आठवलं. एक ओळ पाठवली. काही झालं नाही. मग अर्धं मिनिट गेल्यावर प्रिंटरचं डोकं करकरलं आणि ओळ उमटू लागली. ओळीच्या मध्यावर लाईट गेली. मी तो अर्धा छापलेला कागद हातानं चाचपत राहिले.

बुधवारी मी साडेपाचला शटर वर केलं. ओट्यावर माणसं आधीच बसली होती. पहिल्या बसची वाट न बघता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली होती. बऱ्याचशा बायका, दोन-तीन म्हातारे, प्रत्येकाच्या मांडीवर फडक्यात नाही तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड. समोरच्या किराणावाल्याची बायको दारात येऊन बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. सून उभी राहून त्यांना क्रम लावत होती. बत्तीस वर्षांची ती बाई कुठली, हे मला एवढ्या जणींत ओळखू येईना. नायक म्हणाले, "माझं घर शेवटी घ्या. माझं राह्यलं तरी नायकाले सगळे ओळखते."

सहाला पंखा फिरला. मी चार नंबरवर बसले, फळ्याकडे तोंड करून. पहिल्या बाईनं कार्ड माझ्यासमोर धरलं. सोडलं नाही, दोन्ही हातांनी धरूनच ठेवलं. मी वाचत गेले आणि शोधून शोधून एकेक अक्षर दाबत गेले. दहा घरं झाली की पान भरायचं. पान भरलं की लगेच छापायचं. सेव्ह वगैरे नंतर. छापलेला कागद रिबनच्या वासासकट सुनेच्या हातात द्यायचा, ती बोट ठेवून वाचायची आणि स्वतःच्या पिशवीत घालायची.

साडेअकराला लाईट गेली तेव्हा तिसातली दहा पानं पिशवीत होती.